लाल म्हणजे चालू, भावजी

भावजी, तुमच्या लग्नात बॅटरी गेली नव्हती.

लिहूनच टाकते एकदाचं. पस्तीस वर्षं ही गोष्ट आपण दोघांनी वाटून पोटात ठेवली. आता तुम्ही गेलात आणि तुमचा वाटाही माझ्याकडे आला. या वयात एवढं पचत नाही. तर कबूल: तुमच्या लग्नाची कॅसेट मी बिघडवली. मी, तुमची थोरली वहिनी, मॅट्रिक पास, नागभीडकडच्या रेल्वे फाटकावरच्या गेटमनची फार म्हणजे फार हुशार पोरगी.

त्या पोरीची हुशारी काय सांगावी! भद्रावतीत आपल्या बाजूला लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारे तेव्हा तुम्हीच, आणि लग्नही तुमचंच. नवरदेवानं कॅमेरा खांद्यावर घेऊन बोहल्यावर चढायचं की काय? परका माणूस बोलवायला तुमचा जीव होईना. मग घरातल्या घरात शोध सुरू झाला आणि माझ्यावर येऊन थांबला, कारण मी एकदा फोटोच्या कॅमेऱ्यात रोल सरळ भरला होता. एवढ्या पात्रतेवर मी वऱ्हाडात अशी मिरवले की वरमायही माझ्यापुढे फिकी. धानोऱ्याकडच्या नवरीच्या, म्हणजे सुमनच्या गावी, जांभळीच्या डहाळ्यांच्या मांडवात, तुम्ही बटण दाबून ते जड धूड माझ्या हातात दिलंत. म्हणालात, "वहिनी, चालू करून देऊन राह्यलो. तुम्ही फक्त धरा." तेवढ्यात बँडवाल्यांनी सुरुवात केली. मला ऐकू आलं ते फक्त "धरा".

पाहते तर कॅमेऱ्यावर लाल दिवा. आता मी वाढले फाटकावर. लाल झेंडी, लाल कंदील, लाल सिग्नल. लाल दिसलं की कोळशाची अख्खी मालगाडी थांबते, हे मला अआईच्या आधी शिकवलेलं. आमच्या घरी देवापेक्षा या नियमाला मान जास्त. मी म्हटलं, अगंबाई, हा तर बंद! नवरदेव घाईत विसरले वाटतं. दाबलं बटण. लाल गेलं. सुटली माझी गाडी.

मग काय! मंगलाष्टकं झाली, हार पडले. सुमनचं तोंड नीट यावं म्हणून मी एक डोळा मिटून, श्वास रोखून, गुडघ्यांवर बसले. (तेव्हा गुडघे होते.) विधी आटोपला की बटण दाबायची. लाल दिवा लागायचा. 'थांबला बिचारा' म्हणायची आणि वरच्या मुठीला धरून, बादली धरतात तसा कॅमेरा लोंबकळत ठेवून मांडवभर हिंडायची. नव्या नवरीसमोर तशीच उभी राहून मी तिला सासरची माणसं ओळखवून दिली. ती खाली मान घालून 'हाव, हाव' करत होती. मला वाटलं, काय लाजाळू आहे!

तिसऱ्या दिवशी सुमन मांडवपरतणीला माहेरी गेली आणि आपण दोघं तुमच्या दुकानात टीव्हीसमोर बसलो. आले पाय. वहाणांतले, अनवाणी, पैंजणांतले, भेगाळलेले, हळदीनं पिवळे. लुगड्यांचे काठ. वरणाच्या बादल्यांची बुडं. एक कुत्रं तीनदा, तेही मानेपासून मागचं. जिथं म्हणून विधी होता तिथं कॅसेटमध्ये काहीच नाही. एक विधी संपतो आणि पुन्हा पाय सुरू. आणि या सगळ्यावर माझा आवाज: "मामीजी, अशी शूटिंग झाली, अशी शूटिंग झाली, सांगून सोय नाई!"

मी रडायला लागले. तुम्ही हसता हसता स्टुलावरून खाली आलात. जमिनीवर बसूनच डोळे पुसलेत आणि म्हणालात, "वहिनी, सुमनले सांगू, बॅटरी गेली होती म्हणून. पोरगी पहिल्यांदा घरात येऊन राह्यली. थोरल्या जावेवर राग घेऊन काऊन यावं तिनं?"

एवढं बोललात आणि कॅसेटच्या पट्टीवर पेनानं लिहिलंत: 'पाय'. लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, ठेवून दिलीत.

तुमचं हे खोटं मी तेव्हा मनाला लावून घेतलं नाही. उलट वाटलं, सुटले बाई! सुमनला मात्र स्वतःच्या लग्नातलं स्वतःचं तोंड कधी दिसलं नाही. इतरांच्या लग्नांच्या कॅसेटी ती दुकानात बसून पाहायची आणि म्हणायची, "हिची नथ किती मस्त आली पाहा." मी उठून चहा ठेवायला जायची. तिला सांगायचं, पाय धरायचे, असं दर दिवाळीला ठरवलं. पस्तीस दिवाळ्या झाल्या. फाटकावरची पोरगी अजून फाटक उघडायची वाट पाहतेय.

शिक्षा तुम्ही मला दिलीत, तीही काय शिक्षा! कॅमेराच शिकवलात. बायकांच्या हळदीत पुरुषमाणूस आत कसा जाणार, म्हणून आतलं काम माझ्याकडे आलं. भद्रावतीपासून पार कोरपन्यापर्यंत किती पोरींची हळद मी घेतली असेल! तुम्ही दाराबाहेरून ओरडायचात, "वहिनी, लाल?" मी आतून, "लाल!" लोकांना वाटायचं, धंद्यातली भाषा असेल. सुमनलाही तेच वाटत असावं. चूल आणि पोरं यापलीकडे माझ्या हाताला काही येतं, हे मला त्या एका शब्दानं कळलं. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आता म्हणते. उशीर झाला, पण तुम्ही तरी कुठं वेळेवर यायचात!

आता खरा मुद्दा. आपलं भांडण.

ओवीला चाकाच्या पाटीचं, त्या स्केटबोर्डचं, वेड लागलं तेव्हा पहिली थट्टा मीच केली. चौदा वर्षांची माझी नात, घरात केर काढायला कंटाळणारी, आठवडी बाजाराच्या सिमेंटच्या ओट्यांवर तासन्‌तास ती पाटी घेऊन आपटत राहायची. बाजाराचा दिवस सोडला तर ते ओटे रिकामेच. मी म्हटलं, "काय गं, मेथी विकायले बसतेस का?" तर ती पाटीवर उभी राहिली, मागच्या पायानं पाटीचं मागचं टोक, तिच्या भाषेत शेपटी, दाबलं, पुढच्या पायानं असं काही घासलं, आणि हात न लावता पाटी तिच्या पायांबरोबर उडाली. या ओट्यावरून सुटली आणि त्या ओट्यावर टेकली. मध्ये भाजीवाल्यांच्या चालण्याची गल्ली. खाली पडली असती तर दात गेले असते. तुम्ही चाकाच्या खुर्चीत बसून टाळ्या पिटत होतात, एका हातानं मांडीवर, कारण दुसरा लकव्यानंतर उठत नव्हता. "वहिनी," तुम्ही म्हणालात, "हे लग्नापेक्षा भारी आहे!"

तेव्हापासून संध्याकाळी आपली मिरवणूक ठरलेली. तुमच्या खुर्चीची चार चाकं, ओवीच्या पाटीची चार चाकं, आणि मध्ये मी, दोन पायांची मागासलेली बाई.

मग ते पाटीच्या शिबिराचं निघालं. पुण्याकडे उन्हाळ्यात महिनाभर, व्हिडिओ पाहून पोरं निवडणार. ओवीला आजवर शिकवलं कोणी? कोणी नाही. फोनवर पाहायचं आणि ओट्यावर पडायचं. 'असं नाही, असं कर' म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटणार होतं, ते त्या शिबिरात. अट अशी की व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत हवा, मध्ये कुठं कापायचा नाही, पाय आणि पाटी स्पष्ट दिसावी, आणि खेळाडू ओळखू यावा.

सुनेच्या फोननं काढून पाहिलं. पाटी हवेत रबरासारखी ताणलेली, ओवीच्या जागी निळा धूर. कोणाचा तरी चिमुकला कॅमेरा आणून हेल्मेटवर बांधला. दीड मिनिट आकाश, मध्ये एक घार, आणि शेवटी ओवीचं "आई गं!"

"कॅमेरा घ्यावा लागते," तुम्ही जाहीर केलंत. तुमचे डोळे असे चमकले, जसे काही कोणाच्या घरून लग्नाची सुपारी आली! दुकान बंद करून किती वर्षं झाली होती, आणि तुम्ही सुमनला सांगितलंत, "माह्या जुन्या मफलरचा तुकडा काप. माइकले टोपी लागल. हवेचा फडफड आवाज नको." कॅमेरा घरात नाही आणि माइकला मफलर तयार!

तुमचा कायदा मला पाठ होता. आधी तोंड, मग हात, मग पाय. तुम्हाला हवा होता मोठा कॅमेरा, लांबचं वीसपट जवळ आणणारा, तिपाईवर घट्ट बसवलेला. बाजाराच्या टोकाला ठेवायचा आणि सगळा खेळ डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा. ओवी म्हणाली, "आबाजी, स्केटिंगवाले कॅमेरा खाली धरतात. चाकाजवळ. अन् संगं संगं पळतात."

"चाक काय परीक्षा देऊन राह्यलं?" तुम्ही म्हणालात. "तोंड नसलं त माणूस कुठी आहे त्याच्यात? थांब, तुले दाखवतो पायाची शूटिंग कशी दिसते."

सुमन भजनाला गेलेली पाहून तुम्ही ती कॅसेट काढायला लावलीत. खालच्या खणातली. जुनं यंत्र कुरकुरत चाललं आणि पडद्यावर पाय आले. तुम्ही विजयी मुद्रेनं ओवीकडे पाहिलंत. "ही तुही आजी. हे इचं काम. पाह्य, शहाणी होय."

ओवी उठून पडद्याला नाक लावायचीच बाकी होती. "आबाजी, हेच!" ती किंचाळली. "हेच पाहिजे मले! पाह्य न, आजी किती खाली धरून चालते, मूठ वर, कॅमेरा खाली, पोरं धावून राह्यली त आपणच धावल्यासारखं वाटते. आजी, तुले कोणं शिकवलं?"

भावजी, तुमचा तो चेहरा! पस्तीस वर्षांचा एकुलता एक पुरावा माझ्या बाजूनं साक्ष देऊन मोकळा झाला. मी एवढी हसले की मला ठसका लागला. तुम्ही म्हणालात, "चूक ते चूकच." पण मग पुढचा अर्धा तास तेच पाय पुन्हा लावून पाहिलेत.

कॅमेरा घ्यायला केलेली चंद्रपूरची ती फेरी आपली शेवटची, हे माहीत असतं तर मी तुम्हाला गाडीत एवढं बोलले नसते. नाही, बोललेच असते. दुकानदार तुमचा जुना दोस्त, त्यानं दोन्ही कॅमेरे मागच्या फरशीवर वापरून पाहायला दिले. आधी तुमचा मोठा. वा, काय चित्र! ओवीची भुवईसुद्धा मोजून घ्या. पण ती उडाली ते उडाल्यासारखं वाटेचना. लांबून चिमणी टुणकन उडावी तसं.

मग माझा. मुठीएवढा, रुंद भिंगाचा, वरून धरायला मूठ जोडलेली. पडदा बाजूला उघडून वर वळतो, म्हणजे कॅमेरा घोट्याजवळ आणि माझी मान जागेवर. गुडघे वाकत नाहीत त्या बाईसाठी देवानं स्वतः बसून बनवला असावा! हात थरथरला तर कॅमेरा सांभाळून घेतो. सेकंदाला साठ चित्रं काढतो, म्हणजे हळू करून पाहिलं तर पाटी पायापासून कुठं सुटली तेही दिसतं. आपण आयुष्यभर पंचवीस चित्रांत लोकांची लग्नं लावली, भावजी. ओवी माझ्या पायाशेजारून गेली आणि पडद्यावर पाहतो तर एक वीतभर पायरी डोंगराएवढी, चाकं आगगाडीसारखी अंगावर येणारी. दुकानदार म्हणाला, "अरे बाप रे!"

तुम्ही पडद्यावर वाकलात. मी वाट पाहत होते. मग तुम्ही हळूच म्हणालात, "पण पोरगी कुठी आहे? हे त कोणाचेही पाय असू शकतात."

खरं होतं. त्या चित्रात ओवी गुडघ्यापर्यंतच होती. पण मी मान्य करते की काय! "तुमाले हरता येत नाई," मी म्हटलं. "तुमाले जिंकता येत नाई," तुम्ही म्हणालात. कॅमेरा न घेता परत आलो. ओवी मागच्या सीटवर पाटी पोटाशी धरून बसली. मुदतीला वीस दिवस उरले होते.

शनिवारी सकाळी पुन्हा भांडलो. तोंड की पाय, तिपाई की पळापळ. आणि पळणार कोण? ओवीच्या वेगानं मी पळू? शेवटी मी चिडून उठले, तर तुम्ही मागून हाक मारलीत, "वहिनी, थांबा. माह्या डोक्यात एक आयडिया येऊन राह्यली. उद्या सांगतो."

मी म्हटलं, "उद्याच सांगा. आज मले वेळ नाई." तोऱ्यात निघून गेले. वेळ नव्हता म्हणे! काय करणार होते? तर वाटाणे सोलणार होते.

रविवारी सकाळी सुमन चहा घेऊन गेली आणि तिची हाक आली. तुम्ही चहासाठीही थांबला नाहीत.

त्या तेरा दिवसांत मी तुमच्यासाठी रडले त्यापेक्षा तुमच्यावर चिडले जास्त. कोणी असं भांडण अर्धं टाकून जातं? लोक भेटायला येत होते, तुमच्या आठवणी सांगत होते, आणि मी पदराआड विचार करत होते: काय आयडिया असेल या माणसाची? माणूस गेला याचं दुःख काय कमी असतं, की वरून कोडं टाकून जावं!

तेरवी झाली. मुदतीला पाच दिवस उरले. ओवी कॅमेऱ्याचं नाव काढत नव्हती. पाटी पलंगाखाली सरकवून ठेवली होती तिनं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी चंद्रपूरला गेले आणि माझा कॅमेरा घेऊन आले. मुठीएवढा. येताना बसमध्ये तो पिशवीत मांडीवर होता आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. मेलेल्या माणसाशी भांडण जिंकायला काय अक्कल लागते? समोरून उत्तरच येत नाही.

पण उत्तर आलं, भावजी.

पहिल्या दिवशी, म्हणजे त्याच संध्याकाळी, मी ओवीच्या मागे चालत घेऊन पाहिलं. ती पुढे निघून जायची, माझ्या हाती नुसती धूळ. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर फतकल मारून बसले आणि ओवीला म्हटलं, "तुह्या आबाजीचीच तिपाई लावू. हरले मी." सुमन शेजारी बसलेली. बरेच दिवसांनी बाहेर पडली होती. ती सहज म्हणाली, "बाई, शनिवारी संध्याकाळी त्यायनं माह्या मशीनचं तेल मागितलं होतं. शिलाई मशीनचं. मी म्हटलं कायले? म्हणे, खुर्चीच्या चाकाले घालतो, गुळगुळीत पळाली पाह्यजे. मी म्हटलं, आता तुमी कुठी पळता! त नुसते हसले."

भावजी! मी अशी ताडकन उठले की गुडघ्यालाही कळलं नाही.

खुर्ची! तुमची खुर्ची! बसणारा कॅमेरा धरील, मागून कोणी तरी ढकलील, आणि कॅमेरा पाय ठेवायच्या पट्टीजवळून, जमिनीला लागून, ओवीच्या बरोबरीनं धावेल. तुम्ही आयडिया काढलीत ती माझ्या कॅमेऱ्यासाठी! तिपाईवाल्याला चाकांना तेल कशाला लागतं? म्हणजे शनिवारी संध्याकाळीच तुम्ही हरला होतात आणि मला सांगितलं नाहीत. की मी हरावं म्हणून तुम्हीच त्या खुर्चीत बसून शूटिंग करणार होतात? हे मला आता कोण सांगणार? असू दे. दोन्ही खरं धरते.

घरी जाऊन खुर्ची काढली. तुमचे दादा पेपर बाजूला करून म्हणाले, "दोन म्हाताऱ्या अन् एक खुर्ची. जा, बाजारात तमाशा करा." तिच्या गादीला अजून तुमचा खोलगा होता. त्यात बसायला मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? सुमननं चाकांत तेल सोडलं, थेंब थेंब, देवाच्या समईत सोडतात तसं. मग मी बसले. खोलगा मला मोठा झाला.

चौथ्या दिवशी दुपारी ऊन कलल्यावर निघालो. सुमन ढकलणार होती. तिच्याएवढं त्या खुर्चीला कोण ओळखतं? पदर कमरेला खोचून, पायात ओवीचे जुने बूट घालून ती आली. मी पाहिलं, तिनं तोंडाला पावडर लावली होती. कानामागे पांढरा पट्टा राहिला होता. मला नवल वाटलं. खुर्ची ढकलायला पावडर? पण नुकती तेरवी झालेली, काय विचारायचं, म्हणून भिंग पुसायला लागले.

माइकवर तुमचा मफलर. ओवीनं मला दटावलं, "आजी, पाटी अंगावर आली तरी हात मागं घ्यायचा नाई."

पहिल्या वेळी खुर्ची वाकडी गेली. दुसऱ्या वेळी ओवी पडली. तिसऱ्या वेळी ओवी उडाली, पण मी डोळे मिटले. चौथ्या वेळी एक गाय आली. पाचव्या वेळी ओवी असं आपटली की कोपराची साल निघाली, आणि ती पालथी पडून म्हणाली, "आबाजी असते त म्हणले असते, पुन्हा." सुमन धापा टाकत म्हणाली, "मंग चल, पुन्हा."

सहाव्या वेळी सुमन पळाली. अहो, तुमची बायको पळाली! बुटांचा धपधप आवाज मागून, तेल घातलेली चाकं निमूट, बाजूच्या ओट्यावर ओवीच्या पाटीचा खडखडाट, आणि मी जमिनीपासून चार बोटांवर कॅमेरा धरून लहान पोरीसारखी ओरडतेय, "लाल! लाल! लाल!" ओटा संपत आला. ओवीचा पाय शेपटीवर गेला. त्या क्षणी मला तुमचा आवाज ऐकू आला, 'पोरगी कुठी आहे?' आणि मी काही न ठरवता मनगट वळवलं, भिंग जरासं वर केलं.

सगळं आलं, भावजी! रुंद भिंग ना ते. खाली चाकं, मध्ये पाटी, आणि वर, आभाळाला टेकलेलं, ओवीचं तोंड. जीभ बाहेर काढलेली. गल्लीवरून ती गेली, दोन्ही पाय पाटीला चिकटलेले, पलीकडच्या ओट्यावर खाडकन उतरली, डगमगली, आणि सरळ झाली. तुमचं तोंडही आलं, माझे पायही. एवढं सोपं होतं! जमिनीवरून वर पाहायचं, बस. आपण दोघं तीन आठवडे भांडलो आणि कोणालाच मान वर करायचं सुचलं नाही.

ओवी पाटी टाकून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली, खुर्चीसकट मी मागे गेले. लहान पडद्यावर पाहायचं, मग घरी जाऊन पाठवायचं, मुदत उद्याची, पुढचं निवडणारे जाणोत. ती नाचत होती, मी रडत होते की हसत होते, आठवत नाही. कॅमेरा मुठीला धरून माझ्या गुडघ्याजवळ लोंबकळत होता, बादलीसारखा. बंद करायचा राहून गेला होता. लाल दिवा लागलेलाच होता.

सुमन खुर्चीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धाप लागलेली. तिनं आधी त्या दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं, आज सांगायचंच असं ठरवून. "सुमन, तुह्या लग्नात," एवढंच म्हणाले, तर तिनं हात वर करून मला थांबवलं, पदरानं कपाळाचा घाम टिपला, पावडर पुसली जाणार नाही अशा बेतानं, आणि म्हणाली:

"बॅटरी गेली नव्हती, हे मले मांडवातच मालूम होतं, बाई. खाली मान घालून बसली होती न मी, तुमच्या हातातला लाल दिवा माह्या डोयासमोरच लटकून राह्यला होता. आता तरी करा तो वर, अन् घ्या माह्यं तोंड. कवाची पावडर लावून उभी आहो."